नव्या लॅपटॉपचा फॅन बाबांच्या भजनात ऐकू येतो, शांत कसा करायचा?

माशेलची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लॅपटॉपच्या फॅनचा आहे, पण तो नेमका कुठे आडवा येतोय हे सांगितल्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे बाबा भजन गातात आणि शिकवतात. माशेल, खांडोळा, कुंभारजुवे या भागातली कितीतरी मुलं त्यांच्याकडे पेटी आणि पखवाज घेऊन बसलेली आहेत. आषाढी एकादशीला आमच्या देवकीकृष्णाच्या देवळात चोवीस तासांचं भजन असतं आणि दुसऱ्या दिवशी चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव. त्या भजनात बाबा वर्षानुवर्षं बसत आले. जुन्या बुवांकडून त्यांच्याकडे काही चाली आल्या आहेत, त्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. रूपाच्या, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या, एका अभंगात तर अंतऱ्यावरून ध्रुपदावर येताना ते एक सूर अर्धाच सोडतात आणि पेटी तो पुरा करते. हे स्वरलेखनात मावत नाही, ऐकावंच लागतं. आता त्यांचा दम पूर्वीसारखा टिकत नाही. सकाळी आवाज चांगला लागतो, तेवढ्या वेळात एखादी चाल नीट होते. चवथीच्या आधी जमतील तेवढ्या चाली रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं आम्ही भावंडांनी ठरवलं आहे.

त्यासाठीच नवीन लॅपटॉप घेतला. पंधरा इंची, इंटेल आय५ १३४२०एच, १६ जीबी रॅम, विंडोज ११. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, मला भांडण नको, उपाय हवा आहे. सोबत यूएसबी माइक आहे आणि रेकॉर्डिंग ऑडॅसिटीमध्ये करते.

होतं असं की, सुरू केल्यावर लॅपटॉप थोडा वेळ गप्प असतो. मग फॅन हळूच सुरू होतो, सूंऽऽ करत चढतो, काही वेळ तसाच राहतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. बाबा मोकळ्या आवाजात गातात तेव्हा लक्षात येत नाही, पण सुरुवातीला ते अगदी खालच्या पट्टीत गुणगुणत सूर लावतात, तिथे मागे वारा सुटल्यासारखा ऐकू येतो. आणि मला सगळ्यात प्रिय तोच भाग आहे. शिवाय एक अगदी बारीक 'चीं' असा आवाजही आहे. तो फॅन थांबलेला असतानाही येतो असं मला वाटतं, भावाला तो ऐकूच येत नाही.

घर जुनं, कौलारू. रेकॉर्डिंग माजघरात करतो, दारं-खिडक्या लावून, छताचा पंखा बंद करून. लॅपटॉप बाकावर, खाली घडी केलेली चादर, म्हणजे आवाज थोडा दबतो. माइक बाबांच्या समोर, लॅपटॉप माझ्या मांडीपाशी, दोन्हींत हातभर अंतर.

कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर 'फॅन फिरणं नॉर्मल आहे' एवढंच उत्तर मिळालं. एकाने सांगितलं, उघडून तेल सोड. दुसरा म्हणाला, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट बदल. तिसऱ्याच्या मते आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं त्याचा हा परिणाम. मला दोन गोष्टी कळायला हव्यात: हा फॅन खराब आहे का, आणि खराब नसेल तर निदान दहा-पंधरा मिनिटं तो गप्प कसा बसेल?

---

चोडणकर

ताई, लॅपटॉप अगदी नवा असेल तर सुरुवातीचे काही दिवस तो आतल्या आत खूप काम करत असतो. विंडोजचे अपडेट उतरतात, सगळ्या फायलींची सूची तयार होते, व्हायरस-तपासणी चालते. तुम्ही काही उघडलेलं नसतं आणि तरी फॅन पळतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलंत की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. फॅन चढेल त्या क्षणी तिथे काय दिसतं ते इथे लिहा. बाकी जाणकार सांगतीलच.

---

रिपेअरवाला म्हापसा

ताई, लॅपटॉप दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आधी हे सांगतो: तो उघडू नका. तेल तर मुळीच नको. लॅपटॉपचा फॅन हा पातळ ब्लोअर असतो, खालून हवा ओढतो आणि बिजागरीच्या बाजूने किंवा कडेने बाहेर फेकतो. तेल बेअरिंगच्या आत जाण्याऐवजी बाहेर पसरतं, त्यावर धूळ चिकटते आणि आज नसलेला आवाज उद्या खरोखर सुरू होतो. थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते, नव्या मशीनमध्ये ती बदलायचं कारण नाही. आणि उघडताना काही तुटलं तर वॉरंटीवरून कंपनीशी वाद घालावा लागतो, तो वेगळाच.

व्होल्टेजचंही मनातून काढून टाका. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेतो आणि आत ठरलेलाच दाब देतो. पावसात आपल्याकडे दिवे मंद होतात, पंखे हळू फिरतात हे खरं, पण त्याने लॅपटॉपचा फॅन वर चढत नाही.

आता आवाज ओळखू. लॅपटॉपमधून तीन तऱ्हेचे आवाज येतात आणि तिन्हींचा इलाज निराळा. नुसत्या हवेचा असतो तो 'सूं', गुळगुळीत, चढता-उतरता. तो दोष नव्हे, फॅन का पळतोय ते शोधायचं. दुसरा बेअरिंगचा किंवा पात्याला काहीतरी घासण्याचा. तो खरखरतो, टिकटिकतो, किंवा आत काहीतरी थरथरल्यासारखा येतो. फॅन चालू असताना लॅपटॉप हळूच डाव्या, मग उजव्या कडेवर कलता करा. एसएसडी असलेल्या मशीनला याने धोका नाही, तिच्यात फिरणारा भाग नसतो. कलताना आवाज बदलला, थांबला किंवा वाढला तर फॅनच खराब आहे, तो वॉरंटीत बदलून घ्यायचा. तिसरा तुमचा 'चीं'. त्याचा फॅनशी बहुतेक संबंध नाही. मदरबोर्डवर वीज नियंत्रित करणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या असतात, त्यांतून प्रवाह झपाट्याने कमी-जास्त होतो तेव्हा त्या सूक्ष्म थरथरतात. आम्ही त्याला कॉइल व्हाइन म्हणतो. माउसचं चाक फिरवून पान वरखाली सरकवताना 'चीं'चा सूर बदलतो का बघा. चार्जर काढल्यावर कमी होतो का तेही बघा. दोन्ही 'हो' असेल तर तोच. तुमच्या भावाला ऐकू येत नाही यात नवल नाही, इतके उंच सूर सगळ्यांना सारखे ऐकू येत नाहीत. मशीनला त्याने इजा होत नाही, आणि कंपन्या सहसा त्याला दोष मानत नाहीत.

मग चांगला फॅनही इतका का पळतो? तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एच' आहे. 'यू'वाला प्रोसेसर मुळात १५ वॅटचा, 'एच'वाला ४५ वॅटचा, आणि जोर लावायची वेळ आली की थोडा वेळ याच्या दुपटीच्या आसपासही जाऊ शकतो. त्यालाच टर्बो म्हणतात. तुम्ही एखादी खिडकी उघडली, ब्राउझरमध्ये पान बदललं, की तो क्षणभर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो, उष्णता एकदम वाढते, फॅन चढतो. काम संपलं की उतरतो. तुम्ही लिहिलेलं ते चढणं-उतरणं हेच आहे. भजन रेकॉर्ड करायला यातलं काहीही लागत नाही. एका माइकचं रेकॉर्डिंग म्हणजे या प्रोसेसरला जाणवणारही नाही इतकं हलकं काम.

म्हणून टर्बो आवरा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर अँड बॅटरी, त्यात पॉवर मोड, तिथे 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' निवडा. आणखी घट्ट करायचं तर जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'खाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्क्यांवरून ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण तेवढ्याने टर्बो बंद पडतो. काही नव्या मशीनमध्ये हा पर्याय दिसतच नाही, तसं असेल तर पहिल्यावर भागवा.

याशिवाय कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप असतं, त्यात फॅनचा शांत मोड असतो. लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि क्यू दाबून मोड बदलतो, असूसवर एफएन आणि एफ, डेलच्या अ‍ॅपमध्ये 'क्वाएट' असतं. एचपीच्या काही मशीनमध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रणालीत, 'फॅन ऑलवेज ऑन' नावाची खूण असते, ती काढली की काम नसताना फॅन पूर्ण थांबू शकतो. तुमची कंपनी कोणती ते तुम्हाला माहीत, तेवढं शोधा. कंपनीच्या साइटवर नवीन बायोस आहे का तेही बघा, फॅन कुठल्या तापमानाला किती फिरायचा हे बऱ्याचदा त्यातच सुधारलेलं असतं. बायोस घालताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली, कारण अर्ध्यात वीज गेली तर मशीन बसू शकतं. पावसाळी संध्याकाळी हे काम करू नका.

वेगाचा आणि आवाजाचा हिशेब तुमच्या बाजूचा आहे. फॅनचा वेग निम्मा झाला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे थोडीशी उष्णता वाचवली तरी कानाला खूप फरक पडतो.

चादर मात्र आजच काढा. हवा आत घेण्याच्या जाळ्या तळाला असतात, चादरीने त्या बुजतात, आत उष्णता साठते आणि फॅन आणखी पळतो. पाठीमागच्या दोन पायांखाली लाकडाची एकेक पट्टी घाला, बोटभर उंच. कूलिंग पॅड घेऊ नका, त्याला स्वतःचे फॅन असतात आणि तेही माइकमध्ये येतील.

खोलीचंही बघा. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आत तीन-चार माणसं. फॅन लॅपटॉपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २८ अंशांवरून ३३ वर गेली की आतलं सगळंच साधारण तेवढ्याने वर सरकतं. दमटपणाने आपल्याला घाम येतो, लॅपटॉपला तेवढा फरक पडत नाही, त्याला फरक पडतो तो तापमानाचा. तुम्ही सकाळी बसता ते बाबांच्या आवाजासाठी, पण मशीनसाठीही तीच वेळ बरी. कडक उन्हात कौलं तापली की माजघरही तापतं.

कलता करून आणि चार्जर काढून काय झालं ते कळवा.

---

माशेलची लेक

भाऊ, एवढं मनापासून कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं ते सगळं करून बघितलं.

कलता केल्यावर आवाज बदलत नाही. खरखर नाही, टिकटिक नाही, नुसता 'सूं'. म्हणजे फॅन बरा आहे, माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

'चीं'चं तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं. लांबलचक पान उघडून चाक फिरवलं की तो सूर सरकतो. चार्जर काढला की जवळजवळ नाहीसा होतो, कान टेकवला तरच ऐकू येतो.

चोडणकरांनी सांगितल्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडून बसले. फॅन चढला की वर दोन नावं येत होती. एक म्हणजे लॅपटॉपबरोबर आयतं बसवून आलेलं अँटिव्हायरस, जे मी मागितलेलंच नव्हतं. दुसरं वनड्राइव्ह. माझ्या फोनमधले सगळे जुने फोटो मी लॅपटॉपवर उतरवले होते, ते त्याने एकेक करून वर चढवायला घेतले होते. अँटिव्हायरस काढून टाकलं, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप चालू झालं. वनड्राइव्ह रेकॉर्डिंगच्या वेळेपुरतं थांबवते, त्याच्या ढगाच्या चित्रावर क्लिक करून तशी सोय आहे. पॉवर मोड बदलला. ९९ टक्क्यांचा पर्याय माझ्या मशीनमध्ये होता, तोही लावला. चादर काढली, भावाने फणसाच्या लाकडाच्या दोन पट्ट्या कापून दिल्या.

आता फॅन बराच वेळ सुरूच होत नाही. पण बाबा गायला बसले, पेटी, पखवाज आणि मी अशी सगळी माणसं आत आली, की शेवटी शेवटी तो हलकेच फिरू लागतो. पूर्वीइतका नाही, तरी गुणगुणण्याच्या जागी हेडफोनवर ऐकलं की कळतो. आणि बाबांना मध्येच थांबवून 'पुन्हा घ्या' म्हणणं माझ्याने होत नाही. एकदा चाल रंगात आली की ती तशीच दुसऱ्यांदा येत नाही.

ऑडॅसिटीमधलं 'नॉइज रिडक्शन' वापरून बघितलं. फॅन गेला, पण तंबोरा पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि बाबांच्या आवाजाची धार गेली. असं का होतं? माझी पद्धत चुकते आहे की हे साधनच आपल्या गाण्याला चालत नाही?

---

ध्वनीवेडा कुडचडे

मी जत्रेतल्या नाटकांना साउंड करतो आणि अधूनमधून नाट्यगीतांचं रेकॉर्डिंगही, म्हणून या शेवटच्या भागावर बोलतो. रिपेअरवाल्या भाऊंनी मशीनचं सांगितलं ते चोख आहे.

फॅन पूर्ण बंद करण्याच्या मागे लागू नका. तो माइकला ऐकू येऊ नये एवढंच हवं. मांडीपाशी लॅपटॉप आणि हातभरावर माइक, हे अंतर फार कमी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. खोलीत भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे तेवढा पूर्ण मिळत नाही, पण जुन्या घरातल्या मातीच्या जमिनी, कौलं, कपड्यांच्या वळया यांमुळे बऱ्यापैकी मिळतो. यूएसबीची साधी केबल पाच मीटरपर्यंत चालते. पाच मीटरची चांगली केबल घ्या आणि लॅपटॉप माजघरातून सरळ सोप्यावर न्या, मधलं दार केबल जाईल तेवढं फटीत ठेवा. रेकॉर्डिंगचं बटण तुम्हीच दाबायचं आहे, तेव्हा तुम्ही बाहेर बसा, हेडफोन लावा. तुम्हाला बाबांसमोर बसायचं असेल तर बटण दाबून आत या, सुरुवातीचं नको असलेलं नंतर कापता येतं.

माइक कोणता आहे? बहुतेक यूएसबी माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त घेतात, कडेचं कमी आणि बरोबर पाठीमागचं सर्वांत कमी. काहींवर नमुना बदलायचं बटण असतं, त्यावर हृदयासारखी आकृती असते, ती निवडा. माइकचं तोंड बाबांकडे आणि पाठ लॅपटॉपकडे. कडेला ठेवलात तर अर्धाच फायदा.

माइक बाबांच्या जवळ न्या. तोंडापासून वीतभर-दीड वीत, किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'भ'चा वारा थेट आत जाणार नाही. माइक जवळ आला की इनपुटचा आवाज कमी करता येतो, आणि तो कमी केला की फॅन आपोआप खाली जातो. फक्त मग पेटी आणि पखवाज दूर वाटू नयेत म्हणून त्यांना बाबांच्या जवळ बसवा. पूर्वी एकाच माइकवर रेकॉर्डिंग व्हायची तेव्हा माणसं पुढे-मागे बसवूनच तोल साधत असत.

आता तंबोऱ्याचं. नॉइज रिडक्शन असं चालतं: तुम्ही त्याला नुसत्या गोंगाटाचा तुकडा देता, तो कुठल्या कंपनांवर किती गोंगाट आहे ते मोजतो आणि पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये त्या त्या जागी त्याहून हळू जे असेल ते दाबतो. नमुन्याच्या तुकड्यात तंबोरा सुरू असेल तर तो तंबोऱ्यालाच गोंगाट समजतो. तंबोरा बंद असला तरी त्याचे वरचे बारीक नाद इतके हळू असतात की ते फॅनच्या पातळीखाली सापडतात आणि अधूनमधून कापले जातात. तुम्हाला पाण्याखालून आल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. बोलण्यासाठी हे साधन ठीक, आपल्या गाण्याला जपूनच. आणि तुमचा फॅन वेग बदलत होता, म्हणजे सुरुवातीच्या नमुन्याचा शेवटच्या आवाजाशी मेळच नव्हता.

वापरायचंच झालं तर असं करा: सगळे जागेवर बसलेले, तंबोरा बंद, कोणी बोलत नाही, पेटीचा भाता हलत नाही, असे दहा सेकंद प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घ्या. तो नमुना. मग दाबण्याचं प्रमाण ६ डेसिबलच ठेवा, १२ किंवा त्याच्या वर नको. फॅन पूर्ण जाणार नाही, पण मागे सरेल, आणि बाबांचा आवाज शाबूत राहील. मूळ फाइल कधीही पुसू नका, प्रतीवरच हात चालवा. पुढे कधी याहून चांगलं साधन हाताशी आलं तर मूळ तुमच्याकडे हवं.

काहीजण खालची घरघर काढायला ८० हर्ट्झखालचं सगळं कापायला सांगतील. पखवाज असेल तर तेही सांभाळून. धामाची, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाची, घुमारदार साथ तिथेच असते, ती गेली की पखवाज पोकळ वाजतो.

एक शेवटचं, चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. 'चीं' जाईल, फॅन कमी पळेल, आणि जुन्या घरात अर्थिंग नीट नसेल तर चार्जरमधून जी ५० हर्ट्झची घूं येते तीही जाईल. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नाही असं समजा आणि ते इलेक्ट्रिशियनला दाखवाच, ते रेकॉर्डिंगपुरतं नाही.

---

वाळपईकर

ताईंचा फॅन बरा निघाला हे चांगलं झालं. पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी, ज्यांचा खरंच खरखरतो आहे: फोनवर 'नॉर्मल आहे' ऐकून गप्प बसू नका. फॅनचा आवाज आणि टास्क मॅनेजरची खिडकी एकाच व्हिडिओत येईल असं चित्रण करा, म्हणजे काम नसताना आवाज येतो हे दिसतं. तक्रार ईमेलने करा, तक्रार क्रमांक मागा. ऑनलाइन घेतला असेल तर बदलून देण्याची मुदत थोडी असते, म्हणून पहिल्याच दिवसांत कान देऊन ऐका. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा बंगळूरचा असो की दिल्लीचा. गोव्याबाहेर हेलपाटे घालावे लागत नाहीत.

---

माशेलची लेक

सगळ्यांना देव बरें करूं.

केबल पणजीहून आणली, पाच मीटरची. लॅपटॉप आता सोप्यावर, पट्ट्यांवर, बॅटरीवर. माइकवर हृदयाची आकृती होती, ती निवडली, पाठ सोप्याकडे केली. पेटीवाले काका आणि पखवाजवाला मुलगा बाबांच्या जवळ सरकून बसले. बाबांना ते जास्त आवडलं, त्यांना पेटी नीट ऐकू येते.

काल सकाळी रूपाचा तोच अभंग घेतला. हेडफोनवर, आवाज पूर्ण वाढवून ऐकला. गुणगुणण्याच्या जागी फॅन नाही. बाहेर कोकीळ आहे, आणि एका जागी फेरीवाल्या पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न आहे, तो राहू दे. पेटी तो अर्धा सोडलेला सूर घेते ते लख्ख ऐकू येतं. नॉइज रिडक्शनची गरजच पडली नाही.

रिपेअरवाले भाऊ, एकच शंका राहिली: ही ९९ टक्क्यांची आणि शांत मोडची सेटिंग कायम ठेवली तर चालेल का? धाकटी बहीण याच लॅपटॉपवर अभ्यास करते, तिचा कॉलेजचा प्रोजेक्टही यावरच आहे.

---

रिपेअरवाला म्हापसा

चालेल, मशीनला काही होत नाही. अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ बघणं यात तिला फरक कळणारही नाही. मोठा प्रोग्राम चालवताना किंवा व्हिडिओ एडिट करताना हळू वाटलं तर तेवढ्यापुरतं १०० करून पॉवर मोड 'बॅलन्स्ड' करायचा. तेव्हा फॅन पळेल आणि पळू दे, त्याचं ते कामच आहे. प्रोसेसर १०० अंशांपर्यंत चालायला बनवलेला असतो, त्याच्या जवळ गेला की स्वतःच वेग उतरवतो. कंपनीने ठेवलेल्या शांत मोडनेही तो जळत नाही. इंटरनेटवरून फॅन जबरदस्तीने बंद करणारी भलतीसलती सॉफ्टवेअर मात्र उतरवू नका.

आणि पावसाळा संपला की लाल धूळ सुरू होते. दिवाळीनंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी तळाच्या जाळ्या मऊ ब्रशने झाडा, लॅपटॉप बंद करून. व्हॅक्युम क्लीनर लावू नका. वर्ष-दीड वर्षाने, वॉरंटी संपल्यावर, आत साफ करायला कोणाकडे तरी द्या. किनाऱ्याजवळच्या घरांना मी याहून लवकर सांगतो, खाऱ्या हवेने आतले जोड गंजतात. माशेलला तो त्रास कमी.

---

पेडणेकर

ताई, आमच्याकडेही आजोबांच्या आरत्यांच्या चाली आहेत, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या. तुमच्यासारखंच करायचं मनात आहे. रेकॉर्डिंग कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवता?

---

माशेलची लेक

वेव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला. मूळ फाइलींची एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी मुंबईला भावाकडे. फाइलच्या नावात अभंगाचा पहिला शब्द, ताल आणि तारीख घालते. घुमटाला माइक थोडा लांब ठेवा, नाहीतर थाप फुटते. आजोबांचं रेकॉर्डिंग लवकर सुरू करा, आणि काही अडलं तर इथेच लिहा.